खातं बंद असतानाचा आवाज

साक्षीच्या घराखाली दोन मजले लूमचं खातं होतं. मागाच्या कारखान्याला उधन्यात खातंच म्हणतात. त्याच्या डोक्यावर भाड्याच्या चार खोल्या, त्यातली एक यांची. रात्रंदिवस खडखडाट, आणि फरशीत बारीकशी थरथर. नवखा पाहुणा आला की पाच मिनिटांत कपाळ दाबून धरायचा. घरच्यांना मात्र असा काही आवाज आहे हेही आठवत नसे. चौदा महिन्यांची मितू तर त्याच आवाजात डोळे उघडून मोठी झालेली.

मितू साडेबाराला झोपायची ती दोनपर्यंत. तो दीड तास साक्षीचा. तिचा म्हणायचा एवढंच. त्यात भांडी होती, कपडे होते, आणि सासूबाईंनी आणलेला साड्यांचा गठ्ठा होता. मशीनच्या भरतकामात एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत जो सुटा धागा राहतो, तो कापायचं काम इथल्या कितीतरी बायका घरबसल्या करतात. सीताबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, ते पंधरा वर्षं करत होत्या. सुनेनंही तेच करावं, असं त्यांचं सरळ म्हणणं. साक्षी कात्री हातात घ्यायची, चार फुलं कापायची, आणि पाचव्या फुलाशी तिचे डोळे मिटायचे.

तिचं काम ते नव्हतंच. मितू पोटात सात महिन्यांची होईपर्यंत ती भाईदासभाईंच्या दुकानात होती. एम्ब्रॉयडरी मशीनची जळकी कार्डं, म्हणजे आतल्या सर्किटच्या पट्ट्या, तिथं दुरुस्तीला येत. आयटीआय करून आलेली मुलगी पहिलं वर्षभर नुसतं जुनं सोल्डर, म्हणजे भाग धरून ठेवणारं कथील, काढत होती. चौथ्या वर्षी कार्ड नाकाशी धरून कुठला भाग गेलाय ते वासावरून सांगू लागली. दुकानातली कळकट खुर्ची, डोक्यावरचा पिवळा दिवा, आणि मेलेलं कार्ड जिवंत होताना लुकलुकणारा तो पहिला लाल ठिपका, हे सगळं आता तिच्या स्वप्नातसुद्धा यायचं बंद झालं होतं. स्वप्न पडण्याइतकी झोप होती कुठे?

ऑगस्टात भाईदासभाईंचा फोन आला.

"साक्षीबेन, नवरात्री येते. गरबा पार्टीचे गिटारवाले माझ्याकडे पेडलं घेऊन रांग लावतात. दुरुस्ती करून करून मी थकलो. आता आपलं स्वतःचं पेडल काढायचं. कार्ड छापून देणारा इच्छापोरला आहे, चार दिवसांत देतो. पण कुठलं सर्किट गोड वाजतं ते मला नाही कळत. माझा कान मशीनचा. तू करून दाखव."

"मी? घरातून?"

"घरी बसून कर, इथे येऊन कर, मला काय! वाजलं पाहिजे. जमलं तर ते काम तुझं, तुझं टेबल तुझं. नाही जमलं तर एक माणूस बघून ठेवलाय, त्याला बसवतो. खोटं नको लावून घेऊ. टेबल किती दिवस रिकामं ठेवू?"

साक्षीनं फोन ठेवला तेव्हा मितू तिच्या केसांना लोंबकळत होती. टेबल अजून रिकामं आहे, एवढंच तिच्या कानात राहिलं.

गिटारची तार छेडली की निघणारा आवाज वाटेत अडवायचा, त्याला जरा खरखरीत, भरदार करायचा आणि पुढे अँप्लिफायरकडे सोडायचा, हे काम करणारी पायाशी ठेवायची लोखंडी डबी म्हणजे पेडल. आत चार-दोन भागच असतात, पण ते नेमके कुठले हे ऐकूनच ठरतं. एक बदला, ऐका. दुसरा बदला, ऐका. दर वेळी सोल्डर करत बसलं तर जन्म जाईल. म्हणून ब्रेडबोर्ड: भोकाभोकांची पांढरी पट्टी, भाग नुसते खोचायचे, नाही आवडले तर उपटायचे. पण नुसत्या पट्टीला गिटारची जाड वायर लागत नाही, आवाज कमीजास्त करायच्या खुंट्या तिच्यात उभ्या राहत नाहीत, सगळं लोंबकळतं आणि सुटतं. साक्षीला तर असं काहीतरी हवं होतं, की मितू कुशीवर वळली की अर्धवट काम तसंच्या तसं उचलून कपाटावर ठेवता यावं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. म्हणजे सगळं एका फळीवर पक्कं.

फळी शोधताना तिला मोरीच्या कोपऱ्यात चिरलेला पोळपाट सापडला. तीन पाय, त्यामुळे वायरींना खालून जागा. मांडीवरही नीट बसत होता.

पहिल्या दुपारी तिनं मधोमध ब्रेडबोर्ड चिकटवला. दुसऱ्या दुपारी झोपून गेली. तिसऱ्या दुपारी ललितनं कारखान्यातून आणलेली ॲल्युमिनियमची पट्टी काटकोनात वाकवून पोळपाटाच्या कडेला स्क्रूनं बसवली. ललित, तिचा नवरा, इच्छापोरला कंत्राटी कामावर होता. पहाटे जायचा, दिवेलागणीनंतर यायचा, आणि जेवता जेवता पेंगायचा. "पट्टी बरोबर आहे ना?" एवढं विचारायला मात्र तो विसरला नाही. चौथ्या दुपारी पट्टीला भोकं. डावीकडे गिटारची वायर आत यायला एक, उजवीकडे बाहेर जायला एक, मध्ये तीन खुंट्या. पाचव्या दुपारी सोल्डरिंग. ते ती खिडकीपाशी उभ्यानंच, ओट्यावर करायची. शेवटी पायानं दाबायचं एक बटण हाताशी बसवलं, की दाबलं तर आवाज सर्किटातून जाईल, पुन्हा दाबलं तर साधाच. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही लगेच शेजारी शेजारी ऐकता यावेत म्हणून.

"मना पोळपाट कोठे गया?" सीताबाईंनी एक दिवस विचारलंच.

"तो चिरला होता ना, आई."

"चिरला म्हणून काय झालं? मना माहेरना शे तो." मग त्यांची नजर कपाटावर गेली. खुंट्या, वायरी, बॅटरी. "ह्याच्यावर काय लाटशील व माय आता?"

"आवाज," साक्षी म्हणाली.

"एवढ्यात वीस साड्या झाल्या असत्या."

साक्षीचा धाकटा भाऊ प्रज्ञेश भेस्तानला राहायचा. एप्रिलमध्ये भीमगीतांच्या पार्टीत, नवरात्रीत गरब्याच्या. गिटार एकच, कपडे तेवढे बदलायचे. त्यानं आपली जुनी गिटार आणि टिफिनच्या डब्याएवढा अँप्लिफायर आणून दिला. पोळपाट पाहून पोट धरून हसला.

"ताई, पोळ्या फुगल्या की मला बोलाव."

"तू आधी ती तुटलेली तार घाल. पाचच तारा आहेत."

"तुला कुठे वाजवायचीय? तुला तर फक्त टँग करायचंय."

ते खरं होतं. साक्षीला गिटार येत नव्हती. ती मोकळ्या तारा एकेक करून छेडायची, बटण दाबायची, पुन्हा छेडायची. आणि इथं खालच्या खात्यानं तिच्यावर मोठीच मेहेरबानी केली होती. कितीही मोठ्यानं वाजवा, त्या खडखडाटात शेजारच्या उषाबाईंनाही ऐकू जायचं नाही आणि दोन हातांवर झोपलेल्या मितूची पापणीही हलायची नाही. साक्षी अँप्लिफायरला कान लावून बसायची. एक चिप, तिच्या पाठीशी उलटसुलट जोडलेले दोन डायोड. आवाजाची टोकं कापून त्याला धार आणणारे ते. धार आली. वरच्या तारा छान किरकिरायला लागल्या. खालच्या जाड तारा मात्र उठतच नव्हत्या. वाजवलं की आवाज जमिनीत शिरून जायचा.

भाग साठवायचा तिचा एक बिस्किटाचा डबा होता. खालचे सूर किती आत घ्यायचे ते एक छोटा कपॅसिटर ठरवतो. तिनं आधी ४७३ नंबरचा खोचला होता. तो काढून ४७४ खोचला. दसपट मोठा. आता कुठे आवाज भरला. तिनं खालची तार छेडली आणि छातीत काहीतरी हललं. पुन्हा छेडली. गेल्या चौदा महिन्यांत, मितू सोडली तर, तिच्या हातून झालेली ही पहिली गोष्ट होती. ती तिथंच फरशीवर भिंतीला टेकून बसली आणि तिला इतकी गाढ झोप लागली की मितूनं येऊन नाक ओढलं तेव्हाच जाग आली.

खातं महिन्यातून दोनदाच, एकेक दिवस बंद राहायचं. भाईदासभाईंना बोलवायला तिनं नेमका तोच दिवस निवडला. शांतता असेल, नीट ऐकतील. वेळ दिली पाऊणची, मितू नुकती झोपलेली असेल अशी. प्रज्ञेशलाही तेव्हाच यायला सांगितलं. इतका चोख बेत तिनं बऱ्याच दिवसांत आखला नव्हता.

त्या दिवशी सकाळी सातला खाली एकेक माग थांबत गेला आणि मग सगळंच थांबलं. गल्लीतल्या कावळ्याचा, कुणाच्या तरी कुकरचा, लांबच्या रेल्वेचा आवाज ऐकू यायला लागला. साक्षीनं सरसर घर आवरलं, मितूला न्हाऊ घातलं, वरणभात भरवला. साडेबाराला मांडीवर घेतलं. थोपटलं. मितू टक्क डोळ्यांनी छताकडे बघत राहिली.

साक्षीनं गाणं म्हटलं. पाळण्यात घातलं. पाळण्यातून काढलं. खांद्यावर टाकून बारा फेऱ्या मारल्या. मितू रडायला लागली, डोळे चोळायला लागली, पण झोप काही येईना.

"दात येताहेत वाटतं," साक्षी रडकुंडीला येऊन म्हणाली.

सीताबाई दारात साडी पसरून बसल्या होत्या. त्यांनी कात्री न थांबवताच म्हटलं, "दात कसले? नीजाले आवाज लागस तिले. खातं बंद शे ना आज."

साक्षी उभीच राहिली. मागच्या दोन्ही सुट्ट्यांना मितू दिवसभर किरकिरली होती आणि दोन्ही वेळा तिनं दातांनाच बोल लावला होता. ज्या दिवशी जग गप्प, त्याच दिवशी हिची झोप गुल. आणि आपण तोच दिवस मुहूर्त म्हणून धरला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. "जय भीम, मावशी," प्रज्ञेशचा आवाज. मागोमाग भाईदासभाई, धापा टाकत, रुमालानं मान पुसत.

"अरे वा! हीच का बेबी? मला वाटलं झोपलेली असेल."

"मलाही तसंच वाटलं होतं," साक्षी म्हणाली.

मितूला कडेवर घेऊनच तिनं कपाटावरचा पोळपाट खाली घेतला. भाईदासभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्या बाजूंनी निरखला. हसले नाहीत. एक खुंटी हलवून पाहिली, पट्टीचा स्क्रू अंगठ्यानं दाबून पाहिला. "पक्कं आहे," एवढंच म्हणाले.

प्रज्ञेशनं वायर जोडली आणि पहिला स्वर काढला. नुसती गिटार. स्वच्छ.

"आता दाबू?"

"दाब."

खोली भरून एक फुगीर, चिखलासारखा आवाज उठला. प्रज्ञेशची बोटं कुठल्या तारेवर आहेत तेच कळेना. सुरांवर सूर लडबडले. खिडकीची काच बारीक किणकिणली. मितू दचकून साक्षीच्या मानेला बिलगली.

प्रज्ञेशनं वाजवायचं थांबवलं. "ताई, हे गिटार आहे का डंपर?"

भाईदासभाई काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं साक्षीला चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाचं कार्ड पार गेलेलं असलं, की ते असेच गप्प राहून आधी पाणी मागायचे.

"मावशी, जरा पाणी द्या ना," ते सीताबाईंना म्हणाले.

साक्षी मनातल्या मनात एकेक गोष्ट तपासत गेली. बॅटरी उतरली? नवी होती. वायर? कालच तपासलेली. काल तर हाच आवाज, हाच, इतका छान वाजत होता! इथंच बसून, अनवाणी, या फरशीवर...

तिनं पाय उचलून पुन्हा टेकला. फरशी मेल्यासारखी गार होती. थरथर नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "थांबा थांबा. भाईदासभाई, बसा. चुकलं कुठे ते कळलं मला. मी खात्यावर ऐकत होते."

"म्हणजे?"

"खाली लूम चालू असतात तेव्हा जाड सूर ऐकूच येत नाहीत. लूमचा आवाज त्यांना खाऊन टाकतो. मला वाटलं, सर्किटच देत नाहीये. म्हणून मी वाढवत गेले. लूम ऐकू येत नाही ना आपल्याला... आम्हाला. आहे हेच विसरतो."

भाईदासभाईंनी ओठांशी नेलेला पेला खाली घेतला. "मग आता?"

"प्रज्ञेश, तू वाजवत राहा. थांबू नकोस."

"पेडल चालू ठेवून?"

"चालू ठेवून."

तिनं मितूला डाव्या कडेवर घट्ट बसवलं आणि उजव्या हातानं भुवया कोरायच्या चिमट्यानं ४७४ उपटला. आवाज एकदम मेला. डब्यातून ४७३ काढून त्याच भोकांत खोचला. अँप्लिफायर टप्पकन वाजला आणि गिटार आली. स्वच्छ, धारदार. पण किरटी.

"पातळ झालं," भाईदासभाई म्हणाले. म्हणजे ऐकत होते.

मितूनं हात लांब करून लाल वायर पकडली. साक्षीनं ती सोडवली, तर दुसऱ्या हातानं पिवळी पकडली. "अगं बाई, जरा थांब ना गं, माझी आई." मितूनं भोकाड पसरलं. प्रज्ञेश वाजवतच होता. भाईदासभाईंनी पेला खाली ठेवला, खिशातून स्कूटरच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मितूपुढे खुळखुळवला. "आवो, आवो दीकरा." मितू रडता रडता थबकली आणि त्यांच्याकडे झेपावली. साक्षीचा हात एकाएकी इतका हलका झाला की क्षणभर तिला त्याचं काय करावं ते सुचेना.

मग तिनं दुसरा ४७३ शोधला आणि पहिल्याच्या शेजारी, त्याच रांगांत खोचला. दोन मिळून दुप्पट. आवाजाला बूड आलं. जाड तारा उठल्या, पण आपापल्या जागी राहिल्या. तिनं मधली खुंटी केसभर मागे घेतली.

प्रज्ञेशनं मान वर केली. आता तो तिच्यासाठी वाजवत नव्हता. त्याचा त्यालाच काहीतरी सूर सापडला होता. दाराशी कात्रीचा आवाज थांबला.

"बस," भाईदासभाई म्हणाले. "हात नको लावू. हेच."

साक्षी खाली बसली.

"पाच मिनिटांत तीन सर्किटं ऐकवलीस मला," किल्ल्या चावणाऱ्या मितूला सावरत ते म्हणाले. "आधीचं भंगार होतं, खोटं नाही बोलणार. पण भंगार निघाल्यावर असं पाच मिनिटांत सुधरवणारं माझ्याकडे कुणी नाही. काम तुझं. फक्त..."

"फक्त काय?"

"घरी नाही जमणार, बेन. तूच सांगितलंस. इथं तुझ्या कानात लूम बसलाय. महिन्याला दोन दिवस शांतता, त्यात काय ऐकशील? दुकानात यायला लागेल. अकरा ते तीन धर."

साक्षीनं मितूकडे पाहिलं. दुकान मागच्या गल्लीत, शांत. तिथं ही पाच मिनिटंही झोपणार नाही. आणि हिला घेऊन सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईपाशी बसायचं? हातात आलेली गोष्ट बोटांमधून निघून चालली होती आणि मूठ आवळायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

"हिला कुठे ठेवू?" ती म्हणाली. कुणाला उद्देशून, तिलाही ठाऊक नव्हतं.

"कोठे म्हणजे?" सीताबाईंनी दारातून विचारलं. "पोर इथंच नीजस ना? खात्यावर. मी काय मेली का?"

"आई, तुमच्या साड्या..."

"त्या मी पंधरा वर्षं कापतेच आहे. तू चार फुलं कापून त्याच्यावर डोकं ठेवून झोपते. लाळ पुसून देते मी सेठले." प्रज्ञेश खो खो हसला. सीताबाई हसल्या नाहीत. "अकरा ते तीन. तीनच्या पुढे पाच मिनिटं नाही. आणि जाताना पोरीला दूध पाजून जायचं. रडली तर मी फोन करणार नाही, तू पण करायचा नाही. फोनवर आवाज ऐकला की जास्त रडतात."

साक्षीनं मान हलवली. डोळे भरून आले ते तिनं पदरानं घाम पुसल्यासारखे पुसले. उद्या अकराला ती जाईल, आणि साडेबाराला मितू या फरशीवर, या खडखडाटात, तिच्यावाचून शांत झोपून जाईल. ते बरंच होतं. तरी कुठेतरी टोचलं.

"उद्या नको, सोमवारी ये," भाईदासभाई उठत म्हणाले. "आणि हे सगळं कागदावर काढून आण. कुठला भाग कुठे, एकेक." मितूच्या तोंडातून किल्ल्या सोडवायला त्यांना बराच वेळ लागला.

सगळे गेल्यावर साक्षीनं वही घेतली. मितूला पुढ्यात धरून ती ब्रेडबोर्डाची एकेक रांग मोजत गेली: बाराव्या रांगेपासून सतराव्या रांगेपर्यंत अमुक, तिथून तमुक. दोनदा मोजलं. मध्येच डुलकी लागली आणि पेन वहीवरून खाली घसरलं, तेव्हा तिसऱ्यांदा मोजलं. कपॅसिटर दोन, शेजारी शेजारी, हे तिनं खाली रेघ मारून लिहिलं. मितू सारखी त्या रंगीत वायरींकडे झेपावत होती आणि साक्षी सारखे तिचे हात धरून मागे घेत होती.

शेवटची ओळ लिहून झाली. आता हे सगळं कधीही, कुठेही पुन्हा मांडता आलं असतं. तिनं बॅटरी काढली, बारके भाग चिमट्यानं टिपून डब्यात टाकले आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. पोळपाटावर नुसत्या वायरी उरल्या. लाल, पिवळ्या, हिरव्या.

"घे," ती म्हणाली आणि मितूचे हात सोडले.

मितूला खरं वाटेना. तिनं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग लाल वायर धरून ओढली, ती सुटून आली, आणि मितू इतकी खदखदून हसली की सीताबाईंनीही मान वळवली. साक्षी तिच्या शेजारीच फरशीवर आडवी झाली. डोळे उघडे ठेवायचे होते, एका डोळ्यावर तडजोड झाली. मितू वायर उपटायची, आईच्या पोटावर ठेवायची, आणि दुसरीकडे वळायची.